आधी कागद, मग मॉनिटर : स्क्रीनवरचे रंग छपाईत उतरवण्यासाठी

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळपट उतरतो, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर सगळे पहिला इलाजही एकच करतात: दोष प्रिंटरच्या माथी मारतात. मीही मारला होता. एका जुन्या कृष्णधवल छायाचित्रावर तीन रात्री बसून सावल्यांतला तपशील वर काढला आणि प्रिंट घेतली, तर अंगावरचा कोट आणि मागची भिंत एकाच काळ्या डबक्यात बुडालेली. मग नवं कार्ट्रिज आणलं, नोझल साफ केले, महागातला कागद वापरून पाहिला. दोष यांपैकी कशाचाच नव्हता. अंधाऱ्या खोलीत, मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरावर ठेवून मी काम करत होतो, एवढंच.

मॉनिटर कॅलिब्रेट करायचा, म्हणजे त्याचा उजेड आणि रंग मोजून ठरावीक स्थितीत आणायचे, म्हटलं की बहुतेक जण मापक यंत्र स्क्रीनवर अडकवतात आणि सॉफ्टवेअर विचारेल ते आकडे भरून मोकळे होतात. पण ते आकडे भरायचे कुठून? ते येतात तुमच्या कागदावरून आणि तो कागद ज्या दिव्याखाली तुम्ही बघणार आहात त्या दिव्यावरून. म्हणून या लेखात मॉनिटर जरा उशिरा येईल.

दिवा आणि खोली

मॉनिटर स्वतः प्रकाश देतो. कागद देत नाही, त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग तो परत पाठवतो. त्यामुळे ‘प्रिंटचा रंग’ अशी सुटी वस्तू नसतेच. दिव्याखालच्या प्रिंटचा रंग असतो. पिवळ्या दिव्याखाली प्रिंट पिवळट दिसेल, खिडकीशी धरली तर निळसर, आणि दोन्ही वेळा ती तीच प्रिंट असेल. स्क्रीनशी तुलना करायची तर आधी एक जागा आणि एक दिवा कायमचा ठरवा.

छपाई व्यवसायात यासाठी आयएसओ ३६६४ हे मानक आहे. त्यात डी५० हा साधारण ५००० केल्विनचा प्रकाश धरला आहे (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर). लक्स हे उजेड मोजायचं एकक. बारकाईने तुलना करायची असेल तेव्हा २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स उजेड सांगितला आहे. घरी किंवा छोट्या स्टुडिओत व्ह्यूइंग बूथ लागतोच असं नाही. ५००० केल्विनच्या आसपासचा, रंगदर्शकता निर्देशांक म्हणजे सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त असलेला एक एलईडी दिवा टेबलाशेजारी लावला तरी काम भागतं. स्वस्त एलईडीखाली लाल रंग मेलेला दिसतो आणि त्वचेच्या छटा आजारी वाटतात. अशा दिव्याखाली प्रिंट तपासून फोटोतला लाल वाढवत बसलात, तर तो सगळा खटाटोप वाया.

दिव्याचा उजेड कागदावर पडावा, स्क्रीनवर नाही. स्क्रीनवर उजेड पडला की काळा रंग करडा होतो, आणि मग माणूस नकळत कॉन्ट्रास्ट वाढवतो. समोरची खिडकी झाका. मागची भिंत गडद रंगाची असेल तर तिचीही झाक डोळ्यांत भरते. भिंत रंगवणं शक्य नसेल तर निदान डेस्कटॉपचा वॉलपेपर साधा करडा ठेवा. भडक लाल शर्ट घालून रंग तपासायला बसू नये, हेही मी गंमत म्हणून सांगत नाही. चकचकीत स्क्रीनवर तो शर्ट दिसतो.

कागदाच्या पांढऱ्याचं गणित

छापलेल्या चित्रात कोऱ्या कागदापेक्षा उजळ काहीच असू शकत नाही. म्हणून स्क्रीनवरचा पांढरा आणि दिव्याखालचा कोरा कागद यांचा उजळपणा सारखा हवा. तो मोजायचं सूत्र सोपं आहे: कागदावर पडणारे लक्स गुणिले कागदाची परावर्तनक्षमता, भागिले ३.१४. उत्तर कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये येतं. त्यालाच बोलताना निट म्हणतात.

चांगला पांढरा कागद सुमारे ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. म्हणजे ५०० लक्स उजेडात कागदाचा पांढरा साधारण १४३ निट, ३५० लक्समध्ये १०० आणि ३०० लक्समध्ये ८६. आता मॉनिटरकडे बघा. खोक्यातून काढलेला मॉनिटर बहुधा २५० ते ३५० निटवर चालत असतो, कारण तो शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसावा अशी विकणाऱ्याची इच्छा असते. ३०० निटचा मॉनिटर आणि ८६ निटचा कागद म्हणजे साडेतीन पट फरक. फोटो काळा येतो तो इथे. इतक्या उजळ स्क्रीनवर सावल्या मोकळ्या दिसतात, म्हणून आपण फोटो गडदच ठेवतो, आणि कागद तो गडदपणा जसाच्या तसा दाखवतो.

लक्स मोजायला मोबाइलचं ॲप चालेल. ते अचूक नसतं, पण अंदाजासाठी पुरतं. छपाईसाठी मॉनिटर ८० ते १२० निटवर ठेवा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो चुकीचा नाही, पण त्यामागे साधारण ३०० ते ४०० लक्सचा उजेड गृहीत आहे. तुमचा दिवा वेगळा असेल तर तुमचा आकडाही वेगळा येईल.

मॉनिटर तयार करणं

मापक लावण्याआधी मॉनिटरला आपल्या मर्जीने वागायचं थांबवावं लागतं. उजेडानुसार किंवा चित्रानुसार आपोआप बदलणारं सगळं बंद करा: ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीज वाचवणारे मोड, डोळ्यांसाठीचा पिवळसर मोड. विंडोजमध्ये ‘नाइट लाइट’ आणि एचडीआर, मॅकवर ‘ट्रू टोन’ आणि ‘नाइट शिफ्ट’ बंद हवेत. लॅपटॉप असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कॉन्ट्रास्ट बदलणारी सोय लपलेली असते, तीही शोधा. यातली एक जरी चालू राहिली तर पुढची सगळी मोजमापं वाळूवरची रेघ.

मग मॉनिटर निदान अर्धा तास चालू ठेवा. बॅकलाइट तापून स्थिरावेपर्यंत त्याचा उजेड आणि रंग हलत राहतात.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘यूझर’ किंवा ‘कस्टम’ मोड निवडा, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे बदलता येतात. ब्राइटनेस खाली आणा. इथे ब्राइटनेस म्हणजे बॅकलाइट, त्यामुळे तो कमी केला तरी चित्राची गुणवत्ता घटत नाही. कॉन्ट्रास्ट कारखान्यातून आला तसाच राहू द्या. तो वाढवला की उजळ भागातल्या छटा एकमेकींत मिसळून जातात. ब्राइटनेस वीस-पंचवीसवर आलेला बघून पहिल्यांदा जीव कासावीस होतो, स्क्रीन मंद वाटते. दोन दिवसांत डोळे रुळतात.

मापकाने मोजणं

नुसत्या डोळ्यांनी मॉनिटरचा रंग लावता येत नाही. डोळे पांढऱ्याशी जुळवून घेतात. निळसर स्क्रीनकडे दहा मिनिटं पाहिलंत की तीच पांढरी वाटू लागते. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पट्ट्या सरकवून कॅलिब्रेट करायची सोय असते. तिने गॅमाची, म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसतात त्याची, ढोबळ चूक कळते, रंगाची नाही. मापक नसेल तर या लेखातला दिव्याचा आणि ब्राइटनेसचा भाग तरी जरूर करा. प्रिंट काळी येण्याची अडचण त्याने बरीचशी सुटते. पण निळसर-लालसर झाक काढायची तर मापक हवंच. स्पायडर किंवा कॅलिब्राइट मालिकेतलं साधं कलरिमीटरही पुरेसं आहे. डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअर त्यातली बरीचशी यंत्रं चालवू शकतं, आणि यंत्रासोबत येणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरपेक्षा त्यात जास्त गोष्टी तुमच्या हातात राहतात.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. घड्याळ बरोबर लावणं म्हणजे कॅलिब्रेशन. ‘हे घड्याळ अजूनही दोन मिनिटं पुढे आहे’ अशी चिठ्ठी त्यावर चिकटवणं म्हणजे प्रोफाइल. मॉनिटरला आधी ठरावीक स्थितीत आणायचं, मग त्या स्थितीत तो प्रत्यक्ष कुठला रंग दाखवतो याची नोंद आयसीसी प्रोफाइल नावाच्या फाइलमध्ये करायची. ही पद्धत ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ साली स्थापन झाली. त्यामुळे आज कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर ही चिठ्ठी वाचू शकतं.

सॉफ्टवेअर पुढच्या गोष्टी विचारेल:

— स्क्रीनचा प्रकार. पांढऱ्या एलईडीचा साधा पॅनेल, विस्तृत रंगपटाचा पॅनेल की ओएलईडी, हे बरोबर निवडा. कलरिमीटरच्या गाळण्या प्रत्येक प्रकाशाला वेगळा प्रतिसाद देतात. इथे चूक झाली तर मापकच खोटं बोलेल आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवाल.

— उजळपणा. वर काढलेला तुमचा आकडा भरा.

— पांढरा बिंदू, म्हणजे स्क्रीनचा पांढरा किती निळसर किंवा पिवळसर असावा ते. आधी डी६५ किंवा ६५०० केल्विन घ्या. यावर खाली परत येतो.

— गॅमा. २.२. मॅकवर पूर्वी १.८ असे, पण २००९ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून तिथेही २.२च आहे. जुन्या लेखांत १.८ दिसला तर सोडून द्या.

मोजणी सुरू झाली की सॉफ्टवेअर लाल, हिरव्या आणि निळ्याच्या पट्ट्या दाखवतं. त्या मॉनिटरच्या मेनूतून एका रेषेत आणा. यात एक नियम पाळा: जो रंग जास्त आहे तो कमी करायचा, जो कमी आहे तो वाढवायचा नाही. सगळ्यात दुबळा रंग जिथे आहे तिथेच राहू द्या. हातांनी जितकं जुळवाल तितकं ग्राफिक्स कार्डाला कमी ओढाताण करावी लागते. आठ बिटच्या जोडणीत प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या मिळतात. दुरुस्तीत त्यातल्या बऱ्याच खर्ची पडल्या की आकाशाच्या छटेत पट्टे दिसू लागतात.

शेवटी तयार झालेली प्रोफाइल त्या मॉनिटरची डीफॉल्ट प्रोफाइल म्हणून लावली गेली आहे ना, हे सिस्टीमच्या सेटिंगमध्ये बघा. मग पडताळणीची मोजणी चालवा. तिचं उत्तर डेल्टा-ई या एककात येतं. १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतो. सरासरी २ च्या आत आली तर छपाईच्या कामाला पुष्कळ. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी पूर्ण स्क्रीनभर उघडून बघा. मध्येच कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक मारत असेल तर मोजणी पुन्हा करावी.

पांढऱ्याची अखेरची जुळणी

हा भाग यंत्राला सोडून द्यायचा नाही. पुस्तकी हिशोबाने दिवा डी५० असेल तर मॉनिटरही डी५० हवा. प्रत्यक्षात ५००० केल्विनवर लावलेली स्क्रीन अनेकांना कागदापेक्षा पिवळी वाटते. याला एक कारण कागदातही असतं. बऱ्याच फोटो कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर म्हणजे चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कागद दिव्याच्या पांढऱ्यापेक्षा निळा दिसतो.

म्हणून असं करा. ज्या कागदावर छापणार त्याचा कोरा ताव ठरलेल्या दिव्याखाली, मॉनिटरशेजारी उभा ठेवा. स्क्रीनवर त्याच आकाराची पांढरी चौकट उघडा, भोवती करडा. दोन्हींकडे आलटून पालटून बघा. स्क्रीन निळसर वाटली तर पांढरा बिंदू ६५०० वरून ६०००, मग ५८०० असा खाली आणा. हिरवट किंवा गुलाबी वाटली तर केल्विनचा आकडा हलवून उपयोग नाही. तिथे सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्याचे एक्स-वाय निर्देशांक थोडे सरकवावे लागतात. उजळपणातही फरक वाटेल, तो याच वेळी काढून टाका. दोन पांढरे डोळ्यांना एकसारखे वाटले की तेच आकडे लक्ष्य म्हणून भरून पूर्ण मोजणी पुन्हा चालवा. माझ्या टेबलावर हा शोध ५९०० केल्विन आणि ९५ निटला येऊन थांबला. तुमच्याकडे दुसरीकडे थांबेल. हे आकडे उचलू नका.

प्रिंटरची बाजू

मॉनिटरची प्रोफाइल प्रिंटरला काहीही सांगत नाही. प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांची मिळून वेगळी प्रोफाइल असते. ती कागद बनवणाऱ्याच्या किंवा प्रिंटर बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळते. कागद बदलला की प्रोफाइल बदलते. चकचकीत कागदाची प्रोफाइल लावून मॅट कागदावर छापलं तर जे उतरेल ते तुमच्या कर्माचं.

फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून छापताना रंग कोण सांभाळणार हे एकदाच ठरतं. फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडा, तिथे कागदाची प्रोफाइल निवडा, आणि मग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन तिथलं रंगनियंत्रण बंद करा. हे बंद करायचं राहून जाणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक आहे. दोघेही रंग दुरुस्त करतात आणि सगळा फोटो बहुधा गुलाबी-किरमिजी होऊन बाहेर येतो. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार मात्र बरोबर निवडावा लागतो, कारण शाई किती सोडायची ते त्यावरून ठरतं.

आणखी एक सापळा: फोटोशॉपच्या रंग सेटिंगमध्ये ‘वर्किंग स्पेस’ म्हणून मॉनिटरची प्रोफाइल निवडू नका. तिथे एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी या प्रमाणित रंगपटांपैकीच एक हवं. मॉनिटरची प्रोफाइल सॉफ्टवेअर सिस्टीमकडून स्वतःच घेतं.

बाहेरून छापून घेत असाल तर छापणाऱ्याकडे प्रोफाइल मागा. फोटो लॅबने ‘फक्त एसआरजीबी पाठवा’ म्हटलं तर फाइल एसआरजीबीमध्ये रूपांतरित करून, प्रोफाइल आत जोडून पाठवा. ऑफसेटवर छापायचं असेल तर कुठल्या मानकाने छापणार ते विचारा आणि सीएमवायकेमधलं, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीतलं, रूपांतर सगळ्यात शेवटी करा. अंदाजाने कुठलंही सीएमवायके निवडून फाइल आधीच बदलून ठेवली, तर गेलेले रंग परत येत नाहीत.

सॉफ्ट प्रूफ

आता मॉनिटर खरं बोलतो आणि प्रिंटरची प्रोफाइल हाताशी आहे. तेव्हा छापण्याआधीच कागदावर काय दिसेल ते स्क्रीनवर बघता येतं. फोटोशॉपमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘प्रूफ सेटअप’ आणि त्यात ‘कस्टम’ उघडा. कागदाची प्रोफाइल निवडा, ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ला खूण करा. लाइटरूममध्ये डेव्हलप विभागात ‘एस’ ही कळ दाबली की हेच काम होतं.

‘रेंडरिंग इंटेंट’ नावाचा पर्याय येतो. जे रंग कागदाच्या आवाक्याबाहेर आहेत त्यांचं काय करायचं, हे तो ठरवतो. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवतो आणि बाहेरचे कडेला आणून बसवतो. ‘परसेप्च्युअल’ सगळेच रंग थोडे आवळतो, म्हणजे त्यांचं आपसातलं नातं टिकतं. चेहऱ्यांच्या फोटोंना मी पहिला घेतो. गर्द फुलांची पाकळी सपाट दिसायला लागली तर दुसरा. दोन्ही बघून ठरवायला दहा सेकंद लागतात.

‘सिम्युलेट पेपर कलर’ला खूण केली की फोटो एकदम मरगळलेला दिसतो. घाबरू नका, कागद असाच असतो. साध्या आयपीएस मॉनिटरवर पांढऱ्या-काळ्यातलं अंतर सुमारे १०००:१ असतं. चकचकीत कागदावर काळ्याची घनता (छापलेला काळा किती गडद आहे त्याचं माप) २.३ असेल तर ते २००:१ भरतं, आणि मॅट कागदावर घनता १.६ असेल तर जेमतेम ४०:१. खूण करताना क्षणभर दुसरीकडे बघावं, म्हणजे आधीच्या रंगांशी तुलना होत नाही. पडद्यावरच्या बाकीच्या पांढऱ्या चौकटी लपवून चित्र पूर्ण स्क्रीनवर घ्या. काळ्या पार्श्वभूमीच्या इंटरफेसमध्ये फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. शेवटचा निर्णय घेताना चित्राभोवती पांढरी किनार ठेवा, कारण कागदावरही बहुधा तीच असणार.

काही रंगांचा नाद सोडावा लागतो. स्क्रीनवरचा शुद्ध निळा सीएमवायकेमध्ये जांभळ्याकडे झुकतो, झगझगीत हिरवा आणि केशरी विझतात. कॅलिब्रेशन कितीही केलं तरी शाईत नसलेला रंग उतरत नाही.

टेस्ट प्रिंट

एक चाचणीचं चित्र करून ठेवा आणि दर वेळी तेच छापा. त्यात करडी पट्टी, वेगवेगळ्या वर्णांचे दोन-तीन चेहरे, ० ते ३० मधल्या गडद छटांचे चौकोन (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा), २३५ ते २५५ मधले उजळ चौकोन आणि तुमचा एखादा अवघड फोटो असू द्या. छापल्या छापल्या निकाल देऊ नका. शाई वाळताना रंग बदलतो, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी बघा.

तरीही जुळत नसेल तर लक्षणावरून मूळ शोधा. रंग बरोबर पण सगळंच गडद असेल तर ब्राइटनेस आणि दिव्याकडे परत जा. सगळीकडे एकच झाक असेल तर दुहेरी रंगनियंत्रण किंवा चुकीच्या कागदाची प्रोफाइल. करड्या पट्टीत मध्येच झाक आणि बारीक रेघा असतील तर नोझल तपासा. दिव्याखाली जुळतं आणि खिडकीशी नाही, तर त्यात दोष कुणाचाच नाही, शाईचा आणि ब्राइटनरचा तो स्वभाव आहे. एका सॉफ्टवेअरमध्ये जुळतं आणि दुसऱ्यात तोच फोटो भडक दिसतो, तर दुसरं सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत नाही. विस्तृत रंगपटाच्या मॉनिटरवर हा फरक फार ठळक दिसतो.

बॅकलाइट हळूहळू मंदावत जातो. छपाईचं काम नियमित असेल तर महिन्यातून एकदा मोजणी पुन्हा करा, क्वचित असेल तर कामाच्या आदल्या दिवशी. आणि टेबलाचा दिवा बदललात तर त्याच दिवशी.